हातातली विद्या

मुळशीच्या मुसळधार पावसात घर कोरडे राहते, ते कौलांमुळे. वरच्या कौलाची कड खालच्या कौलावर टेकलेली असते. म्हणून पाणी आत न शिरता खाली ओघळते. एकावर एक चढविण्याची हीच युक्ती माणसाने होडी बांधतानाही योजिली.

नॉर्वे, डेन्मार्क, स्वीडन या देशांतील सुतार हजारांहून अधिक वर्षे होडीची एक फळी दुसरीवर थोडी चढवून ती पक्की जखडीत आले आहेत. अशी होडी हलकी, लवचीक आणि तरीही मजबूत असते. आपल्या देशात ओडिशाच्या किनाऱ्यावरील ‘पटिया’ होडीच्या फळ्याही अशाच एकमेकींवर चढविलेल्या असतात. मुळशीहून ताम्हिणी घाट उतरून कोकणात गेले, की निराळी रीत दिसते. तेथील लाकडी होड्यांच्या फळ्या कडेला कड भिडवून बसवितात व सांध्यांत कापूस ठोकून भरतात.

आता किनाऱ्यावर फायबरच्या होड्या वाढल्या आहेत. लाकूड पाण्यात कुजते, त्याची निगा सतत राखावी लागते. म्हणून कोळ्यांनी नवी होडी पत्करली, यात त्यांचा दोष नाही. परंतु ‘जुनी होडी संग्रहालयात ठेवली म्हणजे काम झाले’ असे कोणी म्हणेल, तर ते मात्र बरोबर नाही.

अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातील एका जहाजाचे चित्र आहे. चित्र टिकले, पण फळीला फळी कशी जोडावी, दोर किती ताणावा, हे चित्र सांगत नाही. त्यावरून खरे जहाज बांधावयाचे ठरले, तेव्हा केरळचे कारागीर बाबू शंकरन आणि त्यांचे सहकारी पुढे आले. त्यांनी खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोराने फळ्या शिवल्या. हे ‘कौंडिण्य’ जहाज मे २०२५ मध्ये भारतीय नौदलात दाखल झाले आणि पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ओमान देशातील मस्कतला पोचले. ते जाणते हात नसते, तर अजिंठ्याचे जहाज भिंतीवरच राहिले असते!

२०२१ साली युनेस्कोने उत्तर युरोपातील चढत्या फळ्यांच्या होड्यांची परंपरा मानवजातीच्या वारशात गणली. तो गौरव केवळ होडीचा नव्हे, ती बांधण्याच्या विद्येचाही होता.

ग्रंथातील विद्या शंभर वर्षांनीही वाचता येते. हातातली विद्या मात्र एका पिढीने घेतली नाही, तर कायमची लोपते. म्हणून कोकणातील वृद्ध सुताराजवळ आजच एखाद्या मुलाने शिकावयास बसले पाहिजे, आणि त्या शिक्षणाला शाळेतील शिक्षणाइतकाच मान मिळाला पाहिजे.