नियम ठरवणाऱ्यांत आपण कुठे?

व्हॉट्सॲपवर आलेला संदेश आज एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठवता येत नाही. ब्राझीलमधल्या माणसालाही नाही, केनियातल्यालाही नाही. ही मर्यादा आधी भारतात आली, जुलै 2018 मध्ये, आणि सहा महिन्यांनी साऱ्या जगाला लागू झाली. तिच्यामागे देशाच्या अनेक राज्यांतले अफवांचे बळी आहेत. त्यांतले पाच आपल्या शेजारच्या जिल्ह्यात गेले.

1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याचा आठवडे बाजार. मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि तिथेच ठेचून मारलं गेलं. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेसाठी गावोगाव फिरणाऱ्या या माणसांना कालपर्यंत दारात पीठ मिळत होतं. त्याच रात्री आपल्या मालेगावात, परगावाहून आलेल्या एका कुटुंबावर जमाव धावून गेला. सोबत दोन वर्षांचं मूल होतं. तिथल्याच काही रहिवाशांनी त्यांना घरात घेतलं, दार लावलं आणि जमावाला बाहेर थोपवून धरलं, म्हणून ती माणसं वाचली. मालेगावची ही बाजू नाशिक जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे, असं आम्हाला मनापासून वाटतं.

त्या दिवसांत काय फिरत होतं? एक चित्रफीत कराचीतली होती, मुलांच्या सुरक्षेविषयी पालकांना जागं करण्यासाठी बनवलेली. मोटारसायकलस्वार मूल उचलून नेतो, परत आणून सोडतो आणि जनजागृतीचा फलक दाखवतो. कुणीतरी शेवट कापला. उरलं ते फक्त अपहरण. सीरियात 2013 साली विषारी वायूने मेलेल्या मुलांची छायाचित्रंही अशीच नवी म्हणून फिरली. व्हॉट्सॲपवरचे संदेश कूटबद्ध असतात, कंपनीलाही ते वाचता येत नाहीत, म्हणून अफवा उगमापाशी अडवणं अवघड. मग वेग कमी करायचा म्हणून पाचाची मर्यादा आली. पुढे 2021 च्या नियमांत केंद्र सरकारने पहिला पाठवणारा शोधून देण्याची सक्ती केली. त्यासाठी कूटबद्धता मोडावी लागेल असं म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. खासगीपणा राखायचा की माणसं वाचवायची, असा हा पेच वरवर दिसतो. आमच्या मते दोन्ही राखण्याचे मार्ग आहेत, पण ते शोधायला अभ्यास लागतो.

असा अभ्यास जगात चालतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची ॲननबर्ग संस्था आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांनी मिळून भरवलेल्या उन्हाळी वर्गांत देशोदेशीचे तरुण वकील, पत्रकार, संशोधक एकत्र बसून माध्यमांच्या कायद्यांची चिकित्सा करत आले. नाशिकलाही परदेशातून माणसं शिकायला-शिकवायला येणं नवं नाही. मूळचे नाशिककर, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने 2014 पासून इथे ‘कुंभथॉन’ची शिबिरं झाली. परदेशी संशोधक आणि इथली मुलं शेजारी बसली. पावलांच्या दाबावरून गर्दी मोजणारी चटई इथल्या एका शाळकरी मुलाच्या डोक्यातून आली आणि 2015 च्या सिंहस्थात वापरली गेली. 2003 च्या चेंगराचेंगरीत 39 भाविक गमावलेल्या शहरासाठी या चटईचं मोल वेगळं सांगायला नको. यंत्रं करायला आपण शिकलो. त्या यंत्रांवरून काय वाहावं, चुकलं तर जबाबदार कोण, हे ठरवायला मात्र अजून बसलेलो नाही.

बसलो नव्हतो असंही नाही. ब्रिटिश सरकारने 1927 मध्ये चित्रपटांविषयी समिती नेमली, तेव्हा त्या काळच्या सर्वांत नव्या माध्यमाबद्दल आपल्या नाशिकच्याच दादासाहेब फाळक्यांनी तिच्यापुढे आपलं म्हणणं मांडलं. आज डिजिटल नियमांचे मसुदे हिंदी आणि इंग्रजी राजपत्रात निघतात, हरकतींची मुदत सरते, आणि राईनपाड्याच्या शाळेतल्या शिक्षकाला त्याची खबरही लागत नाही.

सिंहस्थ पुन्हा जवळ आला आहे. 2027 मध्ये रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरी लाखोंची गर्दी होईल. पूल खचल्याची एक बनावट चित्रफीत त्या गर्दीत पसरली, तर ती खोटी असल्याचं कोण सांगणार, किती मिनिटांत, कोणत्या भाषांत? इंटरनेट बंद केलं, तर चुकलेली माणसं एकमेकांना कशी शोधणार? घाटाच्या रुंदीकरणाइतकेच हे तयारीचे प्रश्न आहेत. यंदाचा अंक आम्ही म्हणूनच या विषयाला वाहिला आहे.

आमची मागणी साधी आहे. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात दर मे महिन्यात वसंत व्याख्यानमाला भरते. तिने शतक ओलांडलं आहे. राज्यभर मराठीतून शिकवणारं मुक्त विद्यापीठ याच शहरात आहे. या दोघांनी मिळून येत्या मे महिन्यात माध्यमधोरणाचा आंतरराष्ट्रीय वर्ग भरवावा: दिवसा अभ्यास, संध्याकाळी पटांगणात सगळ्यांसाठी व्याख्यान. बाहेरचे तज्ज्ञ यावेत, मराठी अनुवादाची सोय असावी. विद्यार्थ्यांत सायबर पोलिस, तालुक्याचे बातमीदार, आशा सेविका, डवरी गोसावी समाजाची शिकलेली मुलं असावीत. शुल्क आड येऊ नये. यजमानपद घ्यायला कुणी पुढे आलं, तर अनुवादाचं आणि टिपणं छापण्याचं काम हे नियतकालिक विनामोबदला करील.