‘व्हिसेरा राखून ठेवला’

शवविच्छेदनाचा अहवाल मृताच्या घरच्यांसाठी लिहिलेला नसतो. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पोलीस पंचनामा करून मृतदेह डॉक्टरांकडे पाठवतात आणि डॉक्टरांचे मत त्याच वाटेने पोलिसांकडे परत जाते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४नेही ही वाट बदललेली नाही. नातेवाइकांच्या हाती पडते ती इंग्रजीतली प्रत, आणि ती वाचून दाखवतो तो ओळखीतला कोणीतरी.

त्यातले ‘व्हिसेरा राखून ठेवला’ हे वाक्य सर्वांत घातक ठरते. व्हिसेरा म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे भाग: जठर व त्यातले अन्न, लहान आतड्याचा तुकडा, यकृताचा भाग, दोन्ही मूत्रपिंडांचा अर्धा-अर्धा भाग. हे सारे मिठाच्या संपृक्त द्रावणात घालून सीलबंद बरण्यांतून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जाते, कारण विष नव्हते असे म्हणायलाही ते शोधून पाहावे लागते. घरी मात्र ‘विषाचा संशय’ एवढेच पोहोचते आणि तेराव्याच्या आत सुनेकडे बोट वळते.

बरगड्यांचेही तेच. बंद पडलेले हृदय सुरू करण्यासाठी छातीवर जे जोरदार दाब दिले जातात, त्यांत बरगड्या मोडणे, विशेषतः वृद्धांच्या बाबतीत, नेहमीचे आहे. पण अहवालात त्या मोडल्याची नोंद वाचून मारहाणीची शंका येते. अंघोळ घालताना पाठीवर दिसलेला जांभळा रंगही वळ वाटतो. वास्तविक थांबलेले रक्त शरीराच्या खालच्या भागात साचून तो उमटतो, आणि जिथे देह जमिनीला टेकलेला असतो त्या खांद्याच्या पात्यांवर दाबामुळे रक्त न शिरल्याने त्वचा फिकटच राहते. हा फरक कोणी समोर दाखवला, तर निम्मी शंका तिथेच विरते.

तो दाखवायचा कोणी? ज्याने विच्छेदन केले त्यानेच, पंधरा मिनिटे, बसून आणि मराठीत. गुन्ह्याचा तपास चालू असेल तिथे बोलण्याला मर्यादा येणारच, पण झोपेत गेलेल्या माणसाच्या घरच्यांना ‘हृदय व श्वसन बंद पडून मृत्यू’ एवढेच सांगणे म्हणजे (कोणाचे हृदय चालू राहून मृत्यू झाला आहे?) काहीच न सांगणे होय. शिवाय त्यांचा खरा प्रश्न निराळाच असतो, आणि त्याचे उत्तर आपल्यापाशी नाही हे डॉक्टरांनीच स्वच्छ सांगायला हवे: रक्तवाहिनी किती चोंदली होती ते अहवालात असते, रात्री दोन वाजता रिक्षा मिळाली असती तर काय झाले असते ते नसते.