लेकरं गावातच राहू द्या

दसरा झाला की बीड, अहिल्यानगरच्या वाड्यावस्त्यांवर ट्रक, ट्रॅक्टर लागतात. भांडीकुंडी, पांघरुणं, एखादी शेळी वर चढते आणि ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या फडांकडे निघतात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल दोघांच्या नावावर, फेडायचीही दोघांनी. लेकरं या हिशेबात कुठेच नसतात.

कुटुंबसंस्था मोडत चालल्याची ओरड शहरी व्यासपीठांवरून नेहमीच होते. इथलं कुटुंब टिकून आहे, फक्त उन्हाळ्यापर्यंत दोन ठिकाणी वाटलं जातं. मागे उरते आजी. पोरांना उठवणं, शाळेत धाडणं, ताप आला तर दवाखाना गाठणं, वयात आलेल्या नातीवर लक्ष ठेवणं! समाजशास्त्राच्या पुस्तकात कुटुंबाची कार्यं म्हणून जी यादी असते, ती एकटी म्हातारी निभावते, तीही रेशनच्या धान्यावर.

ती थकली की नात फडावर जाते. तिथे पाचटाच्या कोपीत धाकट्याला सांभाळायचं, पाणी भरायचं, भाकरी थापायच्या. शाळा सुटते ती सुटतेच. मागे ठेवायला भरवशाचं माणूस नाही म्हणून चौदा-पंधराव्या वर्षी लग्नही उरकतात आणि मुकादमाला नवा कोयता मिळतो. कायद्याने अठरा लागतात, हे वऱ्हाडातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. जेवून मात्र सगळेच येतात.

यावर उपाय आहे, आणि तो सरकारनेच काढलेला आहे: हंगामी वसतिगृह. मूल आपल्याच गावात राहतं, दोन वेळचं जेवण मिळतं, शाळा चालू राहते. आजीचा भार हलका करणारी, पण तिची जागा न घेणारी योजना विरळाच. मात्र टोळ्या गेल्यावर तिचे कागद हलणार असतील तर उपयोग काय? ट्रकबरोबर गेलेलं लेकरू हंगाम संपेपर्यंत परतत नाही.

शाळा व्यवस्थापन समित्यांनो, गणपती उठले की घरोघर जाऊन यादी करा: कोण जाणार, पोरं कुणाजवळ राहणार. दसऱ्याआधी प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर पोचवा. सरपंचांनो, ग्रामसभेत हा विषय घ्या. बचत गटाच्या बायांनो, स्वयंपाकाचं काम तुम्हीच मागून घ्या. आणि पुण्या-मुंबईत स्थिरावलेल्या मंडळींनो, तुमचं गाव या पट्ट्यात असेल तर आजच सरपंचांना फोन लावा आणि विचारा, यंदा वसतिगृह कोणत्या तारखेला सुरू होणार?