किमतीच्या आधीची पाच मिनिटं

बीबीसीवरचा 'अँटिक्स रोडशो' 1979 पासून चालू आहे. कार्यक्रमाची रचना साधी आहे. एखाद्या जुन्या प्रासादाच्या हिरवळीवर टेबलं मांडलेली असतात. लोक घरातल्या वस्तू पिशव्यांतून, खोक्यांतून, चादरीत गुंडाळून आणतात आणि रांग लावतात. जाणकार वस्तू हातात घेतो, उलटी करून बघतो, 'ही तुमच्याकडे कशी आली?' असं विचारतो आणि ती कुणी, कधी, कशी घडवली असावी ते सांगतो. मग जरा थांबून किंमत सांगतो. मालकाचे डोळे विस्फारतात आणि पुढच्याच क्षणी तो जाहीर करतो की काही झालं तरी आपण ती विकणार नाही. अमेरिकेत 1997 पासून याच नावाची तिथली आवृत्ती चालू आहे.

मी हा कार्यक्रम आवडीने बघते, आणि त्याबद्दल दोन प्रकारच्या लोकांशी माझं भांडण आहे. पहिले आपले वाङ्मयीन स्नेही. त्यांच्या मते ही सोज्वळ कपडे घातलेली लॉटरी. माळ्यावरच्या अडगळीतून घबाड निघावं या हावेवर चालणारी. दुसरे उत्साही लोक. 'आपल्याकडे एवढा पाच हजार वर्षांचा वारसा, मग आपल्या वाहिन्यांवर असं काही का नाही?' असं ते दर काही दिवसांनी विचारतात. दोघांचं एका बाबतीत एकमत आहे: कार्यक्रमाचा जीव शेवटच्या आकड्यात आहे. मला हेच मान्य नाही.

आपल्या घरांत जुन्या वस्तूचं मूल्यमापन कसं होतं ते आठवा. आजीच्या पाटल्या सराफाकडे गेल्या की तो खडे काढतो, घट धरतो आणि वजन सांगतो. घडणावळ, नक्षी, कारागिराचा हात यांची किंमत शून्य. तांब्यापितळेची भांडी मोडीत जातात, जरीकाठी कपडे बोहारणीकडे, कागद रद्दीत. पिढ्यान् पिढ्या आपण वस्तूचा एकच निवाडा ऐकत आलो: वजनाचा. अशा माणसासमोर पडद्यावर कुणी अनोळखी गृहस्थ एक कप उलटा करतो, बुडाच्या कडेवरून बोट फिरवतो, कान कुठे डाग देऊन बसवलाय ते दाखवतो, झीज एकाच बाजूला आहे म्हणजे वापरणारा हात एकच असावा असं म्हणतो. ही पाच मिनिटं मला खिळवून ठेवतात. ज्या वस्तूकडे घरात कुणी वळून पाहिलं नाही, तिच्याकडे इतक्या सावकाश, इतक्या आदराने कुणीतरी पाहतं आहे. साहित्याच्या वाचकाला तरी हे ओळखीचं वाटायला हवं. कवितेजवळ आपण याच रीतीने बसतो. ज्यांना यात फक्त हाव दिसते, त्यांनी कार्यक्रम शेवटाकडून पाहिलेला असतो.

शिवाय तिथे येणाऱ्या कितीतरी वस्तू किरकोळ किमतीच्या असतात. तरी लोक उठून जात नाहीत. केवळ आकड्याची भूक असती तर लिलावाचे भाव वाचूनही ती भागली असती.

मग आकड्याने काय बिघडतं? आकडा आला की बोलणं संपतं. 'कशी आली?' हा खरा तर कार्यक्रमातला सर्वांत धारदार प्रश्न. पण त्यावर 'पणजोबा हिंदुस्थानात लष्करात होते' असं उत्तर आलं, की पुढचा प्रश्न निघायला हवा तिथे मान डोलते. पणजोबांनी ती विकत घेतली, कुणी भेट दिली, की लुटीच्या वाटणीत मिळाली? बाजाराच्या भाषेत पणजोबा ही वस्तूची वंशावळ आहे, आणि वंशावळीने भाव वाढतो. ज्या उत्तराने मालकी डळमळायला हवी तेच उत्तर किमतीत भर घालतं. हे एका निवेदकाचं किंवा जाणकाराचं पाप नाही. किमतीवर संपणाऱ्या गोष्टीला दुसरा शेवट परवडत नाही.

बाजार हे कसं करतो ते 2019 मध्ये दिसलं. इंग्लंडमध्ये बर्कशरच्या एका घरातल्या माळ्यावर टिपू सुलतानच्या शस्त्रागारातली बंदूक आणि तलवारी निघाल्या. कुटुंबाचे पूर्वज ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात मेजर होते आणि 1799 ला श्रीरंगपट्टण पडलं. वस्तू परत द्याव्यात अशी मागणी भारतातून झाली. लिलाव झालाच. श्रीरंगपट्टणची लूट हा तिथे कलंक नव्हता, अस्सलपणाचा दाखला होता.

किंमत हीच भाषा असली की तिच्यात खोटं बोलणंही सोपं जातं. अमेरिकेतल्या कार्यक्रमातल्या शस्त्रांच्या दोन जाणकारांनी बनावट मूल्यमापनाचा प्रसंग रचला होता आणि पडद्यावरून मिळालेल्या विश्वासाच्या जोरावर वारसदारांकडून यादवी युद्धातल्या वस्तू स्वस्तात घेऊन चढ्या भावाने विकल्या होत्या. प्रकरण न्यायालयात गेलं आणि गुन्हा शाबीत झाला.

'पण किंमत काढून टाकली तर बघणार कोण?' या आक्षेपाचं उत्तर बीबीसीच्याच कार्यक्रमाने दिलं आहे. 2024 मध्ये गुलामांच्या व्यापाराशी जोडलेली एक हस्तिदंती चकती टेबलावर आली. रॉनी आर्चर-मॉर्गन या जाणकारांनी ती काय आहे ते नीट समजावून सांगितलं आणि किंमत सांगायला नकार दिला. कार्यक्रम कोसळला नाही. उलट त्या भागाची बातमी झाली. एका वस्तूबाबत जे जमलं ते इतरांबाबत का जमू नये, एवढाच माझा प्रश्न आहे.

आता आपल्या उत्साही मित्रांकडे वळते. 1972 च्या पुरावशेष कायद्याने शंभर वर्षं जुनी वस्तू पुरावशेष ठरते, हस्तलिखिताला पंचाहत्तर वर्षं पुरतात. ती देशाबाहेर विकता येत नाही, देशात तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि मूर्ती, चित्रं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. अशा देशात कॅमेऱ्यासमोर देव्हाऱ्यातल्या मूर्तीची किंमत लाखांत जाहीर करणं म्हणजे चोराला पत्ता देणं. देवळांतल्या मूर्ती कशा नाहीशा होतात हे सांगायला नको. ज्यांच्या घरी काही आहे ते ती आणखी खोल लपवतील. परदेशी कार्यक्रमाची नक्कल करताना आपण नेमका त्याचा सर्वांत वाईट भाग उचलू.

खरं तर आपल्याकडे याहून चांगली परंपरा आहे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरांतली दप्तरं उघडत. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड 1898 मध्ये निघाला तो त्याच खटाटोपातून. पुण्यात दिनकर केळकरांनी अडकित्ते, वज्र्या, दिवे, कुलपं जमवली. वजनाने मोडीत गेली असती अशी ही सामग्री आज राजा केळकर संग्रहालयात आहे. या दोघांनी वस्तूला विचारलं ते एवढंच: तू काय सांगतेस?

तेव्हा एखाद्या वाहिनीला कार्यक्रम करायचाच असेल तर जरूर करावा. इंदूर, बडोदा, तंजावर, हैदराबाद, जिथे जिथे जुनी मराठी घरं आहेत तिथे टेबलं मांडावीत; इतर भाषकांनी आपापल्या गावी मांडावीत. एका टेबलाशी मोडी वाचणारा बसवावा. लोकांनी रुमालात बांधलेली दप्तरं आणावीत आणि त्याने वाचून सांगावं, की हे विहिरीच्या पाण्याचं भांडण आहे, हा कर्जरोखा आहे, या सहीच्या जागी नांगराची निशाणी आहे. बाजाराच्या हिशेबात यातल्या बहुतेक कागदांना रद्दीचाच भाव येईल. 'तुमच्याकडे कसे आले?' हा प्रश्नही विचारावा आणि उत्तर अडचणीचं असेल तर आणखी एक प्रश्न विचारावा: आधी कुणाचे होते? मग शांतपणे पुढच्या माणसाला बोलवावं. आकडा सांगायची कुणालाच गरज नाही.