रिकाम्या पट्ट्याचीही नोंद हवी

नाणी, टपाल तिकिटे, अडकित्ते जमवणारी माणसे आपल्याकडे गावोगाव भेटतात. जुनी लष्करी रिव्हॉल्व्हर जमवणारा मात्र क्वचित. कारण उघड आहे : नाण्याला परवाना लागत नाही, रिव्हॉल्व्हरला लागतो. म्हणून हा मूठभर श्रीमंतांचा शौक, असे समजून आपण विषय सोडून देतो. मला ते पटत नाही. हा विषय हदगाव, नांदेड, हिंगोलीकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांशीही निगडित आहे.

शेजारची हिंगोली एकेकाळी हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. अंबाजोगाई, म्हणजे तेव्हाचे मोमिनाबाद, हीसुद्धा. खर्च निजामाचा आणि हुकूम इंग्रजांचा, अशी ही फौज १९०३ मध्ये हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तिच्या घोडदळाचा वारसा सांगणारी डेक्कन हॉर्स जुलै १९१६ मध्ये फ्रान्सच्या सोम रणभूमीवर भाले सरसावून दौडली. त्या काळच्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या कमरेला वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. ब्रिटिश लष्कराने ते १८८७ मध्ये स्वीकारले. बोअर .४५५, चक्रात सहा गोळ्या. नळी खाली मोडली की रिकामी काडतुसे आपोआप बाहेर येत. त्याचा सहावा नमुना १९१५ चा. पुढे १९३२ मध्ये .३८ बोअरचे हलके एनफिल्ड आले.

जाणकार संग्राहक लोखंडाइतकाच त्याच्या साजावर जीव टाकतो. मुठीच्या तळाशी असलेली कडी, तिच्यात अडकवायची दोरी, काडतुसांची चामडी थैली, कमरपट्टा. खांद्यावरून तिरका येणारा तो प्रसिद्ध पट्टा आपल्याच देशात जन्मला. १८५८ मध्ये रोहिलखंडातील लढाईत डावा हात गमावलेल्या सॅम ब्राऊन या अधिकाऱ्याने एका हाताने तलवार उपसता यावी म्हणून तो रचला, आणि पुढे जगभरच्या सैन्यांनी उचलला.

पण या साऱ्या वस्तू बोलू लागतात त्या कागदामुळे. भगतसिंगांचेच उदाहरण घ्या. १९२८ मध्ये लाहोरात साँडर्सवर झाडलेले ते शस्त्र रिव्हॉल्व्हर नव्हे, .३२ बोअरचे कोल्ट पिस्तूल होते. इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या संग्रहालयात ते वर्षानुवर्षे इतर शस्त्रांत निनावी पडून होते. २०१६ मध्ये त्यावरचा क्रमांक जुन्या नोंदींशी जुळला आणि लोखंडाच्या त्या तुकड्याला नाव मिळाले. कुणीतरी तो क्रमांक लिहून ठेवला नसता, तर काय झाले असते?

आपल्या भागाकडे पाहिले की हा प्रश्न टोचतो. हदगावकडून पैनगंगा ओलांडली की उमरखेड. मुक्तिसंग्रामात तिथे स्टेट काँग्रेसचे सीमेवरचे शिबिर होते. ३० जानेवारी १९४८ ला उमरीच्या बँकेवर छापा पडला आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. त्या पिढीतली माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. वाडा पाडायला निघाला की माळ्यावरची पेटी उघडते. आतला कडक झालेला पट्टा, गंजलेली बक्कल, फौजेतून सुटल्याचा दाखला, उर्दूतला परवाना सरळ भंगारवाल्याच्या काट्यावर जातात. वजन होते, इतिहास जातो.

शस्त्रच सापडले तर मग भीतीने गाळण उडते. रातोरात ते विहिरीत टाकण्याचा सल्ला देणारे शहाणे कमी नाहीत. कायदा कडक आहे, आणि तो असायलाच हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका बाळगता येतात. वारसाहक्काने आलेल्याही त्यातच मोजल्या जातात. दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य शस्त्राला १९५९ च्या कायद्यात सूट आहे. पण ते तसे आहे की नाही, हे घरमालकाने परस्पर ठरवायचे नसते. सरळ वाट एकच. चाप ओढून पाहू नये, मुलांना जवळ येऊ देऊ नये, पोलीस ठाण्याला कळवावे, रीतसर जमा करावे आणि पावती घ्यावी. शंभर वर्षे उलटलेली वस्तू १९७२ च्या पुरावस्तू कायद्यातही येते, एवढे लक्षात असावे.

शस्त्र गेले तरी त्याची कथा घरात राहू शकते. क्रमांक, शिक्का, कुणाचे, कुठून आले, हे वहीत चार ओळींत लिहा. आजोबांचा पट्टा नि दाखला जपायला परवाना लागत नाही. आणि शासनाने तालुक्याच्या वाचनालयात एक काचेचे कपाट आणि एक नोंदवही द्यावी, ही मागणी मला मुळीच अवाजवी वाटत नाही. दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण झेंडा वंदतो, भाषणे ऐकतो. त्याच दिवशी गावातल्या प्रत्येक जुन्या घराने एक वस्तू आणि तिची हकिगत त्या वहीत नोंदवली, तर दहा वर्षांत हदगावचा इतिहास हदगावातच वाचायला मिळेल.