पीएसए चढलेला, बायोप्सी स्वच्छ, मग?

झाशी हे रेल्वेचं गाव. इथल्या निवृत्त ड्रायव्हरला पिवळ्या सिग्नलचा अर्थ शिकवावा लागत नाही: गाडी ताब्यात ठेवायची आणि पुढच्या सिग्नलवर नजर ठेवायची. पण याच गृहस्थाच्या रक्ततपासणीत पीएसएचा आकडा 4 च्या पुढे, 7 वर गेला की त्याला थेट तांबडा दिवा दिसू लागतो. बायोप्सीत काही निघालं नाही आणि आकडा मात्र चढाच राहिला, की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, ‘कॅन्सर आत लपून बसलाय.’ दुसरा म्हणतो, ‘ही तपासणीच बोगस, सोडून द्या.’ झाशीच्या नेवाळकर राजघराण्याच्या काळापासून इथं नांदणारी मराठी घरंही याला अपवाद नाहीत. दोन्ही तट चुकतात.

आधी पहिला. पीएसए हे प्रोस्टेटचं प्रथिन आहे, कर्करोगाचं नव्हे. वीर्य प्रवाही करण्यासाठी निरोगी ग्रंथीही ते बनवते. वयानुसार ग्रंथी वाढली, तिला सूज आली, मूत्रमार्गात संसर्ग झाला किंवा लघवी तुंबून कॅथेटर घालावं लागलं, तरी ते रक्तात जास्त उतरतं. आकडा 4 ते 10 च्या दरम्यान असलेल्या साधारण चारांपैकी तिघांच्या बायोप्सीत कर्करोग सापडत नाही.

दुसरा तट रिचर्ड अ‍ॅब्लिन यांचं नाव पुढे करतो. 1970 मध्ये प्रोस्टेटमधल्या अँटिजेनचा शोध जाहीर करणाऱ्या अ‍ॅब्लिन यांनी 2010 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या चाचणीच्या सरसकट वापरावर कडाडून टीका केली, हे खरं. पण त्यांचा रोख धडधाकट पुरुषांना घाऊक तपासण्यावर होता. चढलेला आकडा कचऱ्यात टाका, असा त्याचा अर्थ नव्हे. युरोपातल्या मोठ्या अभ्यासाचे 23 वर्षांचे निष्कर्ष 2025 मध्ये आले: पीएसए तपासणीसाठी बोलावलेल्या गटात प्रोस्टेट कर्करोगाचे मृत्यू 13 टक्क्यांनी कमी. शिवाय बायोप्सी म्हणजे ग्रंथीतून सुईनं काढलेले दहा-बारा बारीक तुकडे. गाठ त्यांच्यामधून निसटू शकते.

आणखी एक गैरसमज औषधाच्या दुकानात भेटतो. ताप नाही, जळजळ नाही, तरी ‘आकडा उतरवायला’ अँटिबायोटिकचा कोर्स! पीएसए आपोआपही खालीवर होतो. उतरला की श्रेय गोळीला. अमेरिकेच्या मूत्ररोगतज्ज्ञांच्या संघटनेनं लक्षणं नसताना असा उपचार करू नये, असं स्पष्ट सांगितलं आहे.

मग करायचं काय? काही आठवड्यांनी, शक्यतो त्याच लॅबमध्ये, तपासणी पुन्हा करायची. त्याआधी दोन दिवस वीर्यपतन आणि सायकल टाळायची. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड चालू असेल तर डॉक्टरांना न चुकता सांगायचं. सहा महिने ते वर्षभर घेतल्यावर या गोळ्या आकडा जवळपास निम्म्यावर आणतात. म्हणजे कागदावरचा 3 प्रत्यक्षात 6 असू शकतो.

त्यानंतर आकड्याला ग्रंथीच्या आकारानं भागायचं. पीएसए 6 आणि ग्रंथी 60 सीसी, तर भागाकार 0.1. तोच 6 आणि ग्रंथी 30 सीसी, तर 0.2. साधारण 0.15 च्या वर गेलं की संशय वाढतो. आकडा एकच, पण अर्थ दोन! मुक्त, म्हणजे रक्तातल्या इतर प्रथिनांना न चिकटलेल्या पीएसएचं प्रमाण 25 टक्क्यांहून जास्त असेल तर धोका कमी, 10 च्या खाली असेल तर जास्त.

एमआरआयनं चित्र आणखी बदललं. 2018 च्या ‘प्रिसिजन’ अभ्यासात आधी एमआरआय केलेल्यांपैकी 28 टक्के पुरुषांना बायोप्सी करावीच लागली नाही. एमआरआय निर्मळ आणि भागाकार कमी असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरावीक काळानं पीएसए पाहत राहणं पुरतं. संशयास्पद डाग दिसला तर मात्र पहिली बायोप्सी स्वच्छ होती म्हणून थांबायचं नाही. त्या डागावर नेम धरून दुसरी करायची.

झाशीत 1968 पासून महाराणी लक्ष्मीबाई मेडिकल कॉलेज आहे, तरी अनेक जण ग्वाल्हेर, लखनौ, दिल्ली गाठतात. प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे जातो तो फक्त शेवटचा कागद. म्हणून एकच विनंती: सगळे पीएसए तारखेनिशी एका वहीत लिहा, शेजारी लॅबचं नाव, ग्रंथीचा आकार आणि चालू गोळ्या नोंदवा. पुढच्या भेटीला ती वही सोबत न्या.