"अब्बा, पण आपण काय केलं?"

म्युनिकला येऊन आम्हाला सहा आठवडे झाले होते. रविवारची दुपार होती. जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, मॉलसुद्धा. ओळखी नाहीत, गाडी नाही आणि घरात साडेचार वर्षांची मुलगी, दोन वर्षांचा मुलगा. आपल्याकडे रविवार म्हणजे एक तर नातेवाईक, नाही तर मॉल. इथे दोन्ही नव्हतं. म्हणून गल्लीच्या टोकाला असलेल्या मुलांच्या मैदानात गेलो. वाळूचा मोठा खड्डा, दोन झोपाळे, लाकडी घसरगुंडी आणि हाताने चालवायचा पाण्याचा पंप. तिकीट नाही, वॉचमन नाही.

मुलं रंगात आली. आमची मुलगी आनंदाने किंचाळते तेव्हा चार इमारतींना कळतं. अर्ध्या तासाने समोरच्या एका आजोबांनी खिडकी उघडली आणि ते ओरडायला लागले. मला तेव्हा जर्मन जेमतेम यायचं, पण राग कळायला भाषा लागत नाही. मी मुलाच्या पायाची वाळू झटकली, बूट चढवले, मुलीचा हात धरला. तोवर बायको डबा पिशवीत टाकून, डोक्यावरचा स्कार्फ सारखा करून उभीही राहिली होती. आम्ही एकमेकांशी एक शब्दही बोललो नव्हतो.

मुलगी म्हणाली, "अब्बा, पण आपण काय केलं?"

मी उत्तर द्यायच्या आत बाकावरची एक जर्मन आई उठली. खिडकीकडे बघून तिने शांतपणे दोन वाक्यं सांगितली. खिडकी बंद झाली. मग ती आमच्याकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "बसा. ही मुलांचीच जागा आहे. तसा कायदा आहे."

मला वाटलं, ही बोलायची पद्धत असेल. रात्री शोधलं तर खरोखरच कायदा निघाला. २०११ साली जर्मनीने आपल्या प्रदूषण-नियंत्रण कायद्यात एक छोटी दुरुस्ती केली. बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांतून येणारा मुलांचा आवाज हा सर्वसाधारणपणे उपद्रव मानायचा नाही, आणि त्याचा निवाडा करताना आवाजाच्या ठरावीक मर्यादांचे आकडे वापरायचे नाहीत. त्याआधी बालवाड्यांविरुद्ध शेजारी कोर्टात जात होते. संसदेने ठरवलं की कारखान्याच्या मशीनला लावायची पट्टी मुलांच्या हसण्याला लावायची नाही. या तरतुदीत मुलाचा पासपोर्ट कोणता, आईच्या डोक्यावर काय आहे, असलं काही विचारलेलं नाही. मूल आहे, एवढं पुरेसं आहे.

त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि त्याचं कारण जर्मनी नव्हतं. कारण होतं आमचं ते न बोलता उठणं. मी इंजिनिअर आहे, घरभाडं भरतो, कर भरतो. तरी कोणी आवाज चढवला की माझे हात आधी सामान आवरायला लागतात. हे मी कुठे शिकलो?

शिकलो आपल्याकडेच. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरातल्या मोहल्ल्यात वाढलो. घरात दखनी, शाळेत मराठी. मोहल्ल्यात मैदान नव्हतं. क्रिकेट गल्लीत, नाही तर ईदगाहच्या मोकळ्या जागेत. बाग होती ती गावाच्या दुसऱ्या भागात. तिथे गेलो की कोणीतरी विचारायचं, "कुठून आलात रे?" प्रश्न साधा होता, पण तो आम्हालाच विचारला जायचा. नाव सांगितलं की पुढचं काही बोलावं लागायचं नाही. आम्ही चेंडू उचलून परत यायचो. घरी कोणी विचारलं नाही की लवकर का आलात. भांडण न करता आलो, याचंच सगळ्यांना बरं वाटायचं.

आपल्या पिढीतल्या अनेकांचं असंच झालं आहे. घर नाकारलं जाणं, नोकरी नाकारली जाणं, यावर आपण बोलतो आणि बोललंच पाहिजे. पण एका लहान मुलाला बागेतून हळूच परत यायची सवय लागते, यावर बोलत नाही. ती सवय पुढे ऑफिसच्या मीटिंगमध्ये, पोलीस चौकीत, पालिकेच्या खिडकीपाशी आपल्याबरोबर येते. माझ्याबरोबर ती विमानात बसून म्युनिकपर्यंत आली.

इथे थांबलो तर लेख सोपा होईल. पण दोष सगळा बाहेरच्यांचा नाही. आमच्या मोहल्ल्यात मुलांना निदान गल्ली तरी होती. मुलींना दहाव्या-अकराव्या वर्षानंतर तीही नव्हती. त्यांना "कुठून आलात" विचारायला बाहेरचं कोणी लागलं नाही, "कुठे निघालीस" विचारायला आपणच होतो. त्या मैदानात पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा बायको बाकावर तासभर नुसती बसली. परत येताना म्हणाली, "काही काम नसताना, कोणाची वाट न बघता, उघड्यावर अशी मी आयुष्यात पहिल्यांदा बसले." तिचं वय तेहतीस आहे. हे वाक्य कोणत्याही सरकारवर ढकलता येत नाही.

पुरुषांचंही तेच. जर्मनीत २००७ पासून मुलाच्या जन्मानंतर बारा महिने भत्ता मिळतो, आणि दोन्ही पालकांनी रजा वाटून घेतली तर आणखी दोन महिने. म्हणजे बापाने घरी बसावं म्हणून सरकारने दोन महिने बाजूला काढून ठेवले आहेत. मंगळवारी सकाळी अकरा वाजता मैदानात बाबागाडी ढकलणारे बाप दिसतात, ते यामुळे. आपल्याकडे २०१७ च्या दुरुस्तीने आईची रजा सव्वीस आठवडे झाली, ही मोठी गोष्ट आहे. पण खासगी नोकरीतल्या बापासाठी त्या कायद्यात काही नाही. आणि कायद्यात नाही म्हणून आपल्यालाही बरं वाटतं. मी मुलाला अंघोळ घालतो हे कळल्यावर एका नातेवाइकाने फोनवर विचारलं, "तिकडे जाऊन आया झालास का?" मी म्हटलं, "नाही मामू, बाप झालो."

परदेशात आल्यावरही आपण आपला मोहल्ला बरोबर आणतो. शनिवारी एका घरी बिर्याणी, रविवारी दुसऱ्या घरी. मुलं आतल्या खोलीत मोबाइलवर. आपली माणसं हवीत, त्याशिवाय परदेशात जीव गुदमरतो. पण फक्त आपलीच माणसं असली तर मूल देश बदलतं आणि खोली तीच राहते. पहिल्या नोव्हेंबरात मुलीच्या बालवाडीने कागदी कंदील करायला सांगितला. ११ नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या स्मरणार्थ मुलं कंदील घेऊन मिरवणुकीने जातात. व्हॉट्सॲपवर लगेच विचारणा आली, हे आपल्याला चालतं का? मी गोष्ट वाचली. थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला एका सैनिकाने आपला झगा अर्धा फाडून दिला. मी अम्मीला सांगितली. ती म्हणाली, "हा तर सदक़ाच झाला. जाऊ दे पोरीला." मुलगी गेली. तिचा ईमान शाबूत आहे आणि तिला गल्लीतल्या अकरा मुलांची नावं माहीत आहेत.

जर्मनी जन्नत नाही. एक वर्षाच्या पुढच्या मुलाला बालसंगोपनाची जागा मिळणं हा इथे २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, तरी आम्ही कित्येक महिने रांगेत होतो. घर शोधताना नाव वाचून उत्तर न आल्याचा संशय इथेही आला. मुसलमानांची भीती दाखवून मतं मागणारे पक्ष इथेही आहेत. फरक एवढाच, की त्या बाकावरच्या आईला कायदा पाठ होता आणि दुसऱ्याच्या मुलांसाठी उठायला तिला संकोच वाटला नाही.

हे आपल्याला परकं असायचं कारण नाही. 'किंडरगार्टन' हा शब्द फ्रोबेलने १८४० साली जर्मनीत रुजवला हे खरं. पण बालवाडी मुलांच्या अंगणापर्यंत नेण्याचं काम ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आपल्याच महाराष्ट्रात, बोर्डी आणि कोसबाडला केलं. मैदानाचं म्हणाल, तर कायदा आपल्याकडेही आहे. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यानुसार शहराचा विकास आराखडा बनतो आणि त्यात मैदान, बाग, शाळा यांसाठी भूखंड आरक्षित होतात. आपल्या भागाच्या नकाशावरही हे शोधता येतं. मात्र एक मेख आहे. दहा वर्षांत ती जागा संपादन झाली नाही, तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नंतरच्या मुदतीतही पालिकेने हालचाल केली नाही तर आरक्षणच रद्द होतं. कागदावरचं मैदान कोणाच्याही लक्षात न येता नाहीसं होतं. ते जाऊ नये म्हणून विचारणारं माणूस लागतं.

म्हणून या लेखाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांची मुलं अजून लहान आहेत किंवा व्हायची आहेत त्यांना, माझं सांगणं आहे. आपल्या वॉर्डाचा विकास आराखडा काढा. त्यात मैदानाची खूण कुठे आहे बघा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात अर्ज करा: ही जागा आज कोणाच्या ताब्यात आहे, संपादनासाठी काय केलं? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जावर शेजारच्या वस्तीतल्या दलित, मराठा, माळी कुटुंबांना सोबत घ्या. मैदान फक्त आपल्या मुलांसाठी मागितलं तर तो मोहल्ल्याचा प्रश्न होतो, सगळ्यांच्या मुलांसाठी मागितलं तर शहराचा. आणि मैदान मिळालं तर मुलींना आधी पाठवा. आया-बहिणींना बाकावर नुसतं बसू द्या.

आता आम्हाला इथे दोन वर्षं होत आली. परवा त्या आजोबांची खिडकी पुन्हा उघडली. माझा हात सवयीने पिशवीकडे गेला. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि झोपाळ्यावरून न उतरता मोठ्याने हाक दिली, "गुटन टाग!" आजोबा क्षणभर थांबले, मग त्यांनीही हात हलवला.

मी पिशवी खाली ठेवली. तिने दोन वर्षांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी अजून तिला दिलेलं नाही. उत्तर सोपं आहे: काही नाही, बेटा. आपण काहीच केलं नव्हतं. उठायला नको होतं.